उरलेल्या दिवसांची नोंद : हौशी चित्रण आणि छोट्या गावांचा इतिहास

छोट्या गावाचा इतिहास लिहायला घेतला की पहिली अडचण साधनांची येते. जिल्हा गॅझेटिअरमध्ये त्या गावाच्या वाट्याला फार तर अर्धे पान आलेले असते आणि त्यात नदी, बाजाराचा वार, देवळे-मशिदी, घरांची संख्या एवढाच मजकूर असतो. महसुली दप्तरात जमीन आणि सारा सापडतो, माणसे सापडत नाहीत. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळल्या तर गाव दिसते ते पूर, आग, दंगल, खून किंवा मंत्र्यांचा दौरा अशा प्रसंगी. म्हणजे वर्षातल्या एखाद्याच दिवसाची, आणि बहुधा वाईट दिवसाची, नोंद राहते. बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस, ज्यांत शाळा भरते आणि सुटते, दुकाने उघडतात, लग्ने लागतात, मयती निघतात, ते कोठेच लिहिलेले नसतात. जो समाज संख्येने लहान असतो किंवा ज्याच्याविषयी लिहिणारे बाहेरचे असतात, त्याच्या बाबतीत ही अडचण अधिकच वाढते. त्याची ओळख त्या एका दिवसावरूनच ठरते आणि पुढे तीच इतिहासाच्या पुस्तकात जाते.

या उरलेल्या दिवसांची नोंद ठेवणारे एक साधन विसाव्या शतकात निर्माण झाले. ते म्हणजे हौशी माणसाने आपल्याच लोकांचे, आपल्याच गावात केलेले चलत्चित्रण. इतिहासाच्या अभ्यासकांनी या साधनाकडे बराच काळ गांभीर्याने पाहिले नाही. घरगुती करमणूक म्हणून ते बाजूला पडले. प्रस्तुत लेखात त्याचा विचार मुख्यतः एका उदाहरणाच्या आधारे केला आहे. हे उदाहरण अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातील कृष्णवर्णीय वस्त्यांचे आहे. दूरचे उदाहरण घेण्याचे कारण इतकेच की तेथे या साधनाचे सामर्थ्य आणि मर्यादा या दोन्ही गोष्टी ठळकपणे दिसतात. नंतर पोलंडमधील एका गावाचा आणि आपल्या मालेगावचा उल्लेख येईल.

कॅमेरा सामान्य माणसाच्या हाती

चलत्चित्राचा कॅमेरा सुरुवातीची पंचवीस-तीस वर्षे व्यवसायी मंडळींच्याच हाती होता. आपल्याकडे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावे दादा, यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले. तेही छायाचित्रणाचा व्यवसाय करणारेच होते. शिवाय त्या काळची पस्तीस मिलिमीटरची नायट्रेट फीत चटकन पेट घेणारी होती. घरात ठेवायची वस्तू ती नव्हती.

१९२३ साली कोडॅक कंपनीने सोळा मिलिमीटरची, सहज पेट न घेणारी फीत आणि तिच्यासाठी लहान कॅमेरा बाजारात आणला. कॅमेरा, प्रोजेक्टर, तिवई, पडदा आणि फीत जोडण्याचे साधन असा सगळा संच ३३५ डॉलरला मिळे. ही रक्कम तेव्हा लहान नव्हती. त्यामुळे ‘सामान्य माणूस’ हा शब्द येथे जपून वापरावा लागतो. घरी कॅमेरा आणणारा माणूस डॉक्टर, वकील, व्यापारी असाच असे. शंभर फुटांचे रीळ चार मिनिटांत संपे. म्हणजे काय टिपायचे आणि काय सोडायचे याचा विचार प्रत्येक वेळी करावा लागे.

या फितीचे आणखी एक वैशिष्ट्य इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे. कॅमेऱ्यात जी फीत घातली जाई तीच धुऊन निघाल्यावर प्रोजेक्टरवर चढत असे. वेगळी निगेटिव्ह राहत नसे. जी प्रत घरी आली ती एकुलती एक. ती फाटली, भिजली किंवा कोणी अडगळ समजून टाकून दिली की सगळेच संपले.

ओक्लाहोमातील वस्त्या

ओक्लाहोमा हा प्रदेश मुळात अमेरिकेच्या आदिवासी जमातींना देऊ केलेला. या जमातींपैकी काहींकडे कृष्णवर्णीय गुलाम होते. यादवी युद्धानंतर १८६६ च्या तहांनी ते मुक्त झाले आणि पुढे जमिनीची वाटणी झाली तेव्हा त्यांनाही हिस्सा मिळाला. दक्षिणेकडील राज्यांत जमीन नसलेल्या, कापसाच्या शेतात अर्धेलीने राबणाऱ्या कृष्णवर्णीयांना ही बातमी कळली आणि १८८९ नंतर ते मोठ्या संख्येने इकडे येऊ लागले. त्यातून केवळ कृष्णवर्णीयांची अशी पन्नासहून अधिक गावे वसली. लँगस्टन, बोली, टाफ्ट, क्लिअरव्ह्यू, रेंटिस्व्हिल ही त्यांतली काही. स्वतःचा महापौर, स्वतःची शाळा, स्वतःचे टपाल कार्यालय, स्वतःच्या पेढ्या. बोली हे गाव १९०३ साली वसले आणि १९०५ साली बुकर टी. वॉशिंग्टन ते पाहायला आले.

१९०७ साली ओक्लाहोमाला राज्याचा दर्जा मिळाला आणि चित्र पालटू लागले. नव्या विधिमंडळाने पहिलाच कायदा केला तो रेल्वेचे डबे आणि प्रतीक्षालये वर्णानुसार वेगळी करण्याचा. १९१० साली मतदानासाठी साक्षरतेची अट आली. ज्यांचे पूर्वज १८६६ च्या आरंभी मतदार होते त्यांना ती माफ होती. या अटीचा रोख कोणावर होता हे उघड आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९१५ साली ही तरतूद रद्द ठरवली, परंतु तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

यानंतर टल्सा येते. टल्सा शहराच्या ग्रीनवुड भागात कृष्णवर्णीयांची भरभराटीची पेठ होती. ३१ मे आणि १ जून १९२१ या दोन दिवसांत गोऱ्यांच्या जमावाने ती पेठ जाळली. सुमारे पस्तीस ठोकळे जळाले, बाराशेंहून अधिक घरे राख झाली. मृतांचा आकडा सरकारी नोंदीत छत्तीस होता. नंतरच्या अभ्यासकांचे अंदाज शंभरापासून तीनशेपर्यंत जातात. राज्याने नेमलेल्या आयोगाचा अहवाल यायला २००१ साल उजाडले. मधल्या ऐंशी वर्षांत ही घटना शाळेच्या पुस्तकांत जवळजवळ नव्हतीच. ज्या स्थानिक वर्तमानपत्राच्या बातमीने जमाव गोळा होण्यास हातभार लावला असे मानले जाते, त्या अंकाची मायक्रोफिल्म करण्याच्या आधीच पहिल्या पानावरची ती बातमी आणि संपादकीय पानाचा काही भाग कोणीतरी फाडून काढला होता. वर्तमानपत्राच्या फायलीवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्या आम्हा लोकांसाठी ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. वाईट दिवसाची नोंदसुद्धा शाबूत राहीलच असे नाही.

पाद्री सॉलोमन सर जोन्स

या पार्श्वभूमीवर सॉलोमन सर जोन्स यांचे काम पाहावे लागते. त्यांचा जन्म १८६९ साली टेनेसी राज्यात, पूर्वी गुलाम असलेल्या आईवडिलांच्या पोटी झाला. १८८९ साली ते ओक्लाहोमात आले. ते बाप्टिस्ट पंथाचे पाद्री होते. त्यांनी स्थापन केलेल्या आणि सांभाळलेल्या चर्चची संख्या पंधरा सांगितली जाते. त्याचबरोबर ते व्यापारीही होते, त्यामुळे कॅमेरा विकत घेणे त्यांना परवडले. १९२४ ते १९२८ या काळात त्यांनी मस्कोगी, ओकमल्गी, टल्सा, वेवोका, ब्रिस्टो, टाफ्ट अशा अनेक ठिकाणी फिरून चित्रण केले. त्यांची एकोणतीस रिळे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या बायनेकी ग्रंथालयात आहेत. एकूण लांबी ३५५ मिनिटे. सगळे कृष्णधवल आणि मूक. ग्रंथालयाने ती २००९ साली मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्यांचा समावेश झाला.

या सहा तासांत काय आहे? गोष्ट अशी काहीच नाही. चर्चची प्रार्थना संपते आणि दारातून माणसे बाहेर पडतात. शाळा सुटते आणि मुले रांगेने निघतात. नदीत उभे राहून बाप्तिस्मा दिला जातो. कोणाची तरी अंत्ययात्रा निघते. मेसन मंडळींच्या सभा, मिरवणुका, खेळांचे सामने, दुकाने आणि त्यांचे मालक. गुलामगिरीच्या अंताची आठवण म्हणून १९ जूनला साजरा होणारा सण. आपल्या घरासमोर उभी असलेली कुटुंबे. तेलविहिरी आणि त्यांचे कृष्णवर्णीय मालकही आहेत. जमिनीच्या वाटणीत ज्यांना निकामी म्हणून समजलेले तुकडे मिळाले त्यांतल्या काहींच्या खाली पुढे तेल निघाले. १९२८ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कपर्यंत धावण्याची एक अचाट शर्यत झाली होती. तिच्यात १९९ जण निघाले आणि पंचावन्न पोचले. पहिला आला तो ओक्लाहोमाचाच अँडी पेन नावाचा चेरोकी तरुण. ही शर्यत ओक्लाहोमातून गेली तेव्हा जोन्स कॅमेरा घेऊन तेथेही हजर होते.

अभ्यासकांच्या दृष्टीने मोलाची गोष्ट म्हणजे यात ग्रीनवुडही आहे. १९२१ च्या जळितानंतर टल्साच्या नगरपालिकेने इमारतींसंबंधी असे नियम काढले की जुन्या रहिवाशांना पुन्हा बांधकाम करणे अवघड व्हावे. तंबूत कचेरी थाटून बसलेल्या वकिलांनी त्या नियमांविरुद्ध न्यायालयात दाद मागितली आणि ते रद्द करून घेतले. विमा कंपन्यांनी दावे नाकारले. तरीही चार वर्षांत पेठ उभी राहिली आणि १९२५ साली कृष्णवर्णीय व्यापाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे अधिवेशन याच टल्सात भरले. जळितानंतरच्या छायाचित्रांत ग्रीनवुड दिसते ते ढिगाऱ्याच्या रूपात. त्यांतली कित्येक छायाचित्रे तर गोऱ्या मंडळींनीच काढली होती आणि त्यांची पोस्टकार्डे विकली गेली. जोन्स यांच्या रिळांत तीच पेठ पुन्हा उघडलेली, रहदारी असलेली दिसते. जळिताच्या इतिहासाइतकाच हा पुनर्बांधणीचा इतिहास महत्त्वाचा आहे, आणि त्याचा हलता-चालता पुरावा एका पाद्र्याच्या हौसेमुळे राहिला.

जोन्स यांची पद्धत समजून घेण्यासारखी आहे. ते वारंवार इमारतीच्या दारासमोर कॅमेरा लावत. याचे एक कारण तांत्रिक आहे. त्या काळच्या फितीला भरपूर उजेड लागे. घरात, चर्चमध्ये, वर्गात चित्रण करणे जवळजवळ अशक्य होते. म्हणून सगळे जग दाराबाहेरच्या उन्हात आणावे लागे. पण त्याचा परिणाम असा झाला की प्रत्येक माणूस एकेक करून चौकटीतून येतो, कॅमेऱ्याकडे पाहतो, कोणी टोपी काढतो, कोणी हसतो, कोणी चेहरा झाकतो. गर्दीचे चित्र न होता ती एक हजेरीपटासारखी गोष्ट झाली. पाहुण्या चित्रकाराकडे माणसे अशी पाहत नाहीत; येथे समोर आपले पाद्रीबुवा उभे आहेत हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

दुसरी गोष्ट त्याहून साधी. जोन्स यांच्याजवळ अक्षरे बसवण्याचा एक फलक होता. चित्रणाच्या आधी ते त्यावर ठिकाण, तारीख, प्रसंग अशी माहिती जुळवत आणि त्याचे चित्रण करून मग पुढे जात. चार मिनिटांच्या महागड्या रिळातले कित्येक सेकंद केवळ अक्षरांसाठी खर्ची घालणे हौशी माणसाला सहसा सुचत नाही. आपण तारीख विसरणार नाही असे त्याला वाटत असते. जोन्स यांना चर्चच्या नोंदवह्या ठेवण्याची सवय असावी आणि तीच सवय कॅमेऱ्याबरोबर आली असावी, असे मला वाटते. हा अर्थात तर्क आहे.

जोन्स १९३६ साली वारले. त्यांनी चित्रित केलेल्या वस्त्यांची अवस्था तोवर बदलली होती. कापसाचे भाव कोसळले, मंदी आली, रेल्वेचे महत्त्व घटले, तरुण माणसे मोठ्या शहरांकडे गेली. पन्नासहून अधिक गावांपैकी आज तेरा उरली आहेत. १९२० च्या दशकाची ती पाच वर्षे म्हणजे त्यांच्या भरभराटीची जवळजवळ शेवटची वर्षे होती.

जे दिसत नाही

साधनाची स्तुती करताना त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. जोन्स हे प्रतिष्ठित गृहस्थ होते आणि त्यांना आपल्या समाजाची प्रतिष्ठित बाजू दाखवायची होती. त्या काळातील अमेरिकन चित्रपटांत कृष्णवर्णीय माणूस येई तो विदूषक, नोकर किंवा गुंड म्हणून, आणि पुष्कळदा तो तोंडाला काजळी फासलेला गोरा नटच असे. १९१५ च्या ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ने तर द्वेषाचा कळस केला होता. त्याला उत्तर म्हणून स्वच्छ कपड्यांतली कुटुंबे, नीटनेटकी घरे, भरलेल्या शाळा दाखवाव्यात असे एखाद्याला वाटले तर ते समजण्यासारखे आहे. परंतु त्यामुळे चर्च, शाळा, व्यापार आणि सुखवस्तू घरे यांना झुकते माप मिळाले. चर्चमधली भांडणे, कर्जे, दारू, घरातली धुसफूस या गोष्टी हजेरीपटात येत नसतात. उजेडाच्या अडचणीमुळे स्वयंपाकघर आणि तिथे दिवस काढणाऱ्या स्त्रियाही राहून गेल्या. त्या दिसतात त्या चर्चच्या पायऱ्यांवर, ठेवणीतल्या टोप्या घालून. आणि फीत मूक असल्यामुळे बोली, गाणी, प्रवचने सगळीच गेली.

त्याच रिळांत जोन्स यांनी युरोप, पॅलेस्टाईन आणि उत्तर आफ्रिकेच्या प्रवासात केलेले चित्रणही आहे. ते महत्त्वाचे नाही असे नाही, पण तिथे ते कोणत्याही प्रवाशासारखे पाहुणे आहेत.

येथे आणखी एका माणसाची तुलना करणे उपयोगी ठरेल. उत्तर कॅरोलायनातील लेक्सिंग्टन गावचे छायाचित्रकार एच. ली वॉटर्स यांनी १९३६ ते १९४२ या काळात आसपासच्या ११८ गावांत फिरून रस्त्यावरच्या माणसांचे चित्रण केले आणि तेच त्या गावच्या चित्रपटगृहात दाखवले. आपण पडद्यावर दिसणार म्हणून माणसे तिकीट काढून येत. मंदीच्या काळात पोट भरण्याचा तो मार्ग होता. जितके चेहरे जास्त तितकी तिकिटे जास्त, या हिशेबाने त्यांनी गिरणीच्या दारात, शाळेच्या मैदानावर कॅमेरा लावला. हे चित्रणही आज मोलाचे ठरले आहे. पण त्यांत वर्षाचे ऋतुमान नाही, सण नाहीत, मयत नाही. पाहुणा येतो आणि दोन-चार दिवसांत निघून जातो. जोन्स यांच्याकडे तीच माणसे पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या प्रसंगी भेटतात. वर्षभराची नोंद आणि एका दिवसाची नोंद यांत हा फरक पडतो.

नावाशिवाय चेहरा

नाव आणि तारीख नसली तर काय होते याचे उदाहरण पोलंडमधून देता येईल. ४ ऑगस्ट १९३८ रोजी डेव्हिड कुर्त्झ नावाचे एक अमेरिकन गृहस्थ वॉर्सासून पन्नास किलोमीटरवर असलेल्या नाशेल्स्क या आपल्या जन्मगावी गेले आणि त्यांनी सुमारे तीन मिनिटांचे चित्रण केले, काही रंगीत, काही कृष्णधवल. रस्त्यावर मुलांची झुंबड, कॅमेऱ्यासमोर येण्यासाठी ढकलाढकली, एका इमारतीच्या दारातून बाहेर येणारी माणसे. या गावात तेव्हा सुमारे तीन हजार ज्यू राहत होते. पुढच्याच वर्षी डिसेंबरात नाझींनी त्यांना गावाबाहेर काढले आणि युद्ध संपले तेव्हा त्यांतले शंभरसुद्धा जिवंत नव्हते.

हे रीळ २००९ साली त्यांचे नातू ग्लेन कुर्त्झ यांना फ्लोरिडातील घराच्या कपाटात सापडले. फीत आकसून गेली होती. वॉशिंग्टन येथील होलोकॉस्ट स्मारक संग्रहालयाने ती मोठ्या कष्टाने वाचवली. पण पडद्यावर दिसणारे हे दीडशेहून अधिक चेहरे कोणाचे? डब्यावर काहीच लिहिलेले नव्हते. गाव कोणते हेच आधी शोधून काढावे लागले. संग्रहालयाने चित्रण सर्वांना पाहता येईल असे ठेवल्यानंतर एका स्त्रीने त्यात आपल्या आजोबांना ओळखले. ते तेव्हा तेरा वर्षांचे होते आणि सुदैवाने हयात होते. त्यांनी काही नावे सांगितली. त्या धाग्याने ग्लेन कुर्त्झ यांनी कित्येक वर्षे शोध घेतला आणि २०१४ साली त्यावर पुस्तक लिहिले. २०२१ साली बियांका स्टिगटर यांनी त्या तीन मिनिटांवरच एक माहितीपट केला. इतके करूनही नावे लागली ती अगदी थोड्या चेहऱ्यांना. बाकीचे चेहरे स्पष्ट दिसतात, रंगीत दिसतात, हसतात, आणि कोण ते कळत नाही.

जोन्स यांच्या अक्षरफलकाचे महत्त्व या उदाहरणाशेजारी ठेवून पाहावे.

मालेगाव

आपल्या जवळचे उदाहरण मालेगावचे आहे. गिरणा आणि मोसम या नद्यांच्या संगमावरचे हे यंत्रमागाचे शहर. उर्वरित महाराष्ट्राला त्याची ओळख आहे ती ८ सप्टेंबर २००६ आणि २९ सप्टेंबर २००८ या दोन बाँबस्फोटांच्या तारखांनी. कोणत्याही वर्तमानपत्राची फाईल उघडली तर मालेगाव या नावापुढे हेच येते. मात्र याच मालेगावात त्या आधीपासून एक निराळे काम चालू होते. नासिर शेख या व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या तरुणाने २००० साली ‘मालेगाव के शोले’ नावाचा चित्रपट काढला. पैसा नाही, यंत्रसामग्री नाही, नट म्हणजे गल्लीतलीच मंडळी. कॅमेरा फिरवायला सायकल, वर-खाली न्यायला बैलगाडी. त्यातून नामांकित चित्रपटांची विडंबने तयार झाली आणि गावाने ती आवडीने पाहिली. पुढे ‘मालेगाव का सुपरमॅन’ तयार होत असताना फैजा अहमद खान यांनी ते सगळे काम आपल्या माहितीपटात टिपले. हा माहितीपट २००८ साली पूर्ण झाला आणि २०१२ साली चित्रपटगृहांत आला. २०२५ साली रीमा कागती यांचा याच विषयावरचा कथापट प्रदर्शित झाल्याने मालेगावची ही बाजू बऱ्याच जणांना प्रथमच कळली.

नासिर शेख आणि त्यांचे सहकारी यांना गावाचा इतिहास नोंदवायचा नव्हता, त्यांना लोकांना हसवायचे होते. विनोद लवकर जुने होतात. ज्या मूळ चित्रपटांची ती विडंबने आहेत ते पुढच्या पिढीला ठाऊक नसतील तर ते कळणारही नाहीत. परंतु त्या विनोदांच्या मागे जे आपोआप आले आहे त्याचे मोल वाढत जाणार आहे: गल्ल्या, चहाची दुकाने, मोकळी माळराने, कपडे, चालण्या-बोलण्याची ढब आणि मुख्य म्हणजे ती खास मालेगावी जबान. जोन्स यांच्या मूक रिळांत जे हरवले ते येथे आहे. शुक्रवारी माग बंद असतात आणि त्या दिवशी कामगार सिनेमाला जातो, ही गोष्ट कोणत्याही सरकारी अहवालापेक्षा फैजा खान यांच्या माहितीपटात अधिक स्पष्ट समजते. सुपरमॅनची भूमिका करणारा हडकुळा शफीक हा स्वतः यंत्रमाग कामगार होता; चित्रपटगृहांत माहितीपट येण्याआधीच कर्करोगाने तो वारला. गैरहजेरीही येथे बोलकी आहे. स्त्रियांच्या भूमिकांसाठी बाहेरगावच्या अभिनेत्री आणाव्या लागत. गावातल्या स्त्रिया पडद्यावर का नाहीत हा प्रश्न भावी अभ्यासकाला या चित्रपटांतूनच पडेल.

माळ्यावरच्या कॅसेटी

हे सगळे वाचून आपल्याकडच्या घरांची आठवण होणे साहजिक आहे. १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर गावोगाव पोचले आणि त्यापाठोपाठ लग्नाची व्हिडिओ शूटिंग करणारे आले. निकाह, वलीमा, शाळेचे स्नेहसंमेलन, नव्या इमारतीची कोनशिला, हाजींना निरोप द्यायला स्टँडवर जमलेली माणसे, उरुसातला संदल, मुशायरा. सीमाभागातल्या, गोव्यातल्या, हैदराबादेतल्या कितीतरी घरांत आणि संस्थांच्या कपाटांत अशा कॅसेटी पडून आहेत. कव्हरवर फार तर नवरा-नवरीचे नाव असते. संस्थेची असेल तर ‘गॅदरिंग’ एवढेच. सालही बऱ्याचदा नसते.

चुंबकीय फितीचे आयुष्य सर्वसाधारणपणे वीस-तीस वर्षांचे धरतात. दमट हवेत, म्हणजे आपल्या कोकण-गोव्याच्या हवेत, ते त्याहून कमी. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. म्हणजे कॅसेट शाबूत असली तरी ती चालवायला यंत्र मिळणे वर्षागणिक कठीण होत आहे. मोबाइलवरच्या चित्रणाची स्थिती वेगळी वाटते, पण तितकी वेगळी नाही. हजारो तुकडे साठतात, नाव-तारखेचा पत्ता नसतो, आणि फोन बदलला की जातात.

कॅसेटचे डिजिटल रूपांतर आता अनेक शहरांतले स्टुडिओ थोड्या खर्चात करून देतात. तो भाग सोपा आहे. अवघड भाग त्यानंतरचा, आणि तो पैशाने होत नाही. नाशेल्स्कच्या बाबतीत जे सत्तर वर्षांनी करावे लागले ते आपल्याला आज करता येईल: चित्रण लावायचे, समोर मोहल्ल्यातल्या दोन-चार वयस्कर स्त्री-पुरुषांना बसवायचे, प्रत्येक चेहऱ्यावर थांबायचे आणि विचारायचे. पहिल्या रांगेत फेटा घातलेले ते कोण? सूत्रसंचालन करणारी मुलगी कोणाची? मागे दिसते ती जुनी इमारत कोणत्या साली पाडली? उत्तरे वहीत मिनिट आणि सेकंदासह लिहायची. स्त्रियांना वेगळे बसवून विचारावे, असे सुचवावेसे वाटते; लग्नाच्या चित्रणात पुरुषांना न कळणारी अर्धी नाती त्या सहज सांगतील. शाळेच्या इतिहास विषयाच्या प्रकल्पासाठी हे काम नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांना करता येण्यासारखे आहे. मुलांना आपल्या आजीला नाचताना पाहून हसू येईल, ते येऊ द्यावे.

जोन्स यांची रिळे येल विद्यापीठाने संगणकावर सर्वांसाठी खुली ठेवली आहेत आणि ती कोणालाही घरबसल्या पाहता येतात. विद्यार्थ्यांना कामाला लावण्यापूर्वी त्यातले एखादे रीळ त्यांना दाखवावे आणि अक्षरफलक आला की चित्र थांबवून त्यावरची तारीख मोठ्याने वाचायला सांगावी.